लहान व्यवसायात आधी कोणती अडचण सोडवावी? या चुका टाळा

लहान व्यवसायात भांडवलापेक्षाही मालकाचा वेळ अपुरा असतो, आणि तो कोणत्या अडचणीवर खर्च व्हावा हे बहुतेक वेळा ज्याचा फोन आधी येतो तोच ठरवतो. त्यामुळे दिवसभर राबूनही महिनाअखेरीस हिशेब जिथल्या तिथेच राहतो. अशा वेळी मेहनत कमी पडते असे सहसा नसते. ती कोठे लावायची याची निवड चुकलेली असते.

सर्वात जास्त आढळणारी चूक म्हणजे अडचण किती वेळा आली हे मोजणे आणि तिने किती नुकसान केले हे न मोजणे. समजा, महिन्यात वेष्टनाबद्दल 20 तक्रारी आल्या आणि प्रत्येक तक्रार निस्तरायला 100 इतकी रक्कम गेली, तर एकूण नुकसान 2,000 झाले. त्याच महिन्यात उशीर झाल्यामुळे केवळ 2 ऑर्डर रद्द झाल्या, परंतु प्रत्येकीतला 15,000 नफा बुडाला. तक्रारींचा गलबला मोठा असला, तरी उशिराचे नुकसान 15 पट आहे. म्हणून प्रत्येक अडचणीपुढे महिन्याला बुडणारी रक्कम अंदाजाने का होईना लिहावी. इटलीचे अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांच्या नावाने ओळखला जाणारा 80:20 चा नियम गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी उत्पादनातील दोषांना लावला. मोजक्या, म्हणजे सुमारे 20 टक्के कारणांतून बहुतेक, म्हणजे सुमारे 80 टक्के परिणाम घडतात, एवढाच त्याचा आशय आहे. 80 आणि 20 हे आकडे प्रत्येक व्यवसायात तंतोतंत जुळतील, असे समजू नये.

दुसरी चूक अधिक महाग पडते, कारण ती करताना प्रगती होत असल्यासारखे वाटते. कामाच्या साखळीत जो टप्पा सर्वात संथ असतो, तोच एकूण उत्पादन ठरवतो. कापणी दिवसाला 50 नग, शिलाई 30 नग आणि पॅकिंग 60 नग करत असेल, तर कापणीसाठी नवे यंत्र घेतले तरी दिवसाला 30 च नग बाहेर पडतील. फक्त शिलाईपुढे अर्धवट मालाचा ढीग वाढेल आणि त्यात खेळते भांडवल अडकेल. हा टप्पा ओळखायला फार अभ्यास लागत नाही. काम कोणाच्या पुढ्यात साचते आणि त्याच्या पुढचे लोक कशाची वाट पाहत बसतात, हे आठवडाभर पाहिले की तो सापडतो. सापडल्यावर लगेच खरेदीकडे धावू नये. हा टप्पा जेवणाच्या सुट्टीत बंद राहतो का, कच्च्या मालाअभावी थांबतो का, सदोष नग त्यात शिरून वेळ खातात का, हे आधी तपासावे. तपासणी संथ टप्प्याच्या आधी आणली, तर यंत्र न घेताही चांगले नग वाढतात. हा टप्पा अनेकदा स्वतः मालकच असतो: प्रत्येक दरपत्रकावर त्याचीच सही लागते आणि ग्राहक वाट पाहून दुसरीकडे जातो. अशा वेळी ठरावीक रकमेपर्यंतचे निर्णय सहकाऱ्याकडे सोपवावेत.

विक्री वाढत असूनही हातात पैसा नसेल, तर आणखी विक्री वाढवण्याचा प्रयत्न करणे ही चूकच आहे. उधारीवरची वाढ रोखीची टंचाई अधिकच तीव्र करते. आधी येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायची बाकी रक्कम, तपासावीत. वर्षाची उधार विक्री 36,50,000 आणि येणी 6,00,000 असतील, तर दिवसाला 10,000 या हिशेबाने वसुलीला सरासरी 60 दिवस लागत आहेत. पुरवठादार 30 दिवसांतच पैसे मागत असतील, तर मधल्या 30 दिवसांचा भार मालक उचलतो. वसुली 45 दिवसांवर आणली, तरी 1,50,000 मोकळे होतात, आणि त्यासाठी एकही नवा ग्राहक लागत नाही. बिल काम झाल्याच्या दिवशीच पाठवणे आणि मुदत संपण्याआधी आठवण करून देणे, हे दोन उपाय कर्जाचा विचार करण्यापूर्वी नक्की करून पाहावेत.

सोपी किंवा आवडीची अडचण आधी घेणे, म्हणजे वसुली रखडलेली असताना बोधचिन्ह बदलत बसणे, याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. मात्र कामगारांची सुरक्षितता आणि कराच्या मुदती यांना या तुलनेत बसवू नये. त्यांचे नुकसान रकमेत लहान दिसले, तरी ती कामे आधीच पार पाडायची असतात.

शेवटची चूक उपायानंतर घडते. शिलाई 30 वरून 55 नगांवर गेली, की 50 नगांची कापणी सर्वात संथ ठरते. तरीही जुन्या सवयीने शिलाईवरच पैसा ओतला जातो. म्हणून उपाय करण्यापूर्वीच कोणता आकडा किती बदलायला हवा हे तारखेसह लिहून ठेवावे. त्या तारखेला आकडा हलला नसेल, तर निदान चुकले असे समजून कारण पुन्हा शोधावे. हलला असेल, तर काम आता कोठे साचते हे नव्याने पाहावे.