शेजारच्या मुलाला मदत हवी आहे हे लक्षात आलं, तर काय करावं?

मूल शाळेला जायला नको म्हणतं, रात्री दचकून उठतं, ताटावरून तसंच उठतं, आठ वर्षांचं झालं तरी पुन्हा अंथरूण ओलं करतं. घरचे आधी रागावतात, मग दृष्ट काढतात, मग कुणाकडून तरी ताईत आणतात. माया कमी असते असं नाही, जायचं कुठं हेच माहीत नसतं. तुम्ही शेजारी असा, शिक्षक असा की मावशी-काका. नुसता फोन नंबर लिहून दिल्याने भागत नाही. पहिल्या खेपेला सोबत जावं लागतं.

आधी घरच्यांशी बोला

मुलासमोर नको, चार पाहुण्यांत तर नकोच. आजाराचं नाव घेऊन सुरुवात करू नका. "वहिनी, बरेच दिवस बघतेय, हा खाली खेळायला येत नाही. झोप लागते का नीट?" एवढं पुरे. "म्हणजे त्याला वेड लागलंय का?" असा प्रश्न येईलच. झोप उडाली, भूक मेली, तर डॉक्टरांना दाखवायचंच असतं, असं शांतपणे सांगा. अंगाऱ्यावरून वाद घालू नका. अंगारा लावा, पण दवाखान्यातही चला, असं म्हणा. मात्र भूत उतरवायचं म्हणून मुलाला मारहाण, चटके, साखळदंड असं काही चाललं असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. तिथं भीड बाळगू नका.

कुठं जायचं

जायची तयारी होत नसेल, तर घरात बसून १४४१६ लावा. 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा २०२२ पासून चालू आहे. मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. पुढची पायरी जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलची. केस पेपर काढताना मानसोपचार ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारून घ्या. उशिरा बोलणारं, नजरेला नजर न देणारं लहान मूल असेल, तर तिथंच जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या विभागाची, चौकशी करा. गावात असाल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना आधी गाठा, त्यांना वाट माहीत असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे.

निघण्यापूर्वी आईला वहीच्या पानावर लिहायला सांगा: हे कधीपासून, झोप किती, शाळा किती दिवस बुडाली, घरात अलीकडे काय घडलं. ओपीडीत गर्दी असते. आई गांगरते, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

मूल स्वतःच्या जिवाबद्दल बोललं तर

"मी नसतो तर बरं झालं असतं," हे वाक्य नाटक म्हणून सोडून देऊ नका. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारा; विचारल्याने डोक्यात ती कल्पना शिरत नाही. फवारणीची औषधं, गोळ्यांची पाकिटं त्याच दिवशी कुलूपबंद करा किंवा घराबाहेर हलवा. मुलाला एकटं सोडू नका, तातडीने दवाखाना गाठा. धोका समोरच दिसत असेल तर ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा.

घरातच धोका असेल तर

इथं वाट वेगळी. मारहाण, उपासमार, बालविवाहाची घाई, नको तिथं स्पर्श असं काही असेल तर १०९८ लावा, ही मुलांची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे. मूल सांगायला लागलं तर ऐका. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. खोदून खोदून विचारू नका, तेच पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला तुम्ही जाब विचारायला जाऊ नका. त्याचा राग मुलावरच निघतो. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. "आपल्या घरातली गोष्ट" म्हणून दडपणं हा गुन्हा ठरतो. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी, साध्या वेशातल्या पोलिसांनी घ्यायचा असतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. दवाखाना आधी कागदपत्रं मागत बसू शकत नाही. हे पालकांना आधीच सांगा, त्यांची अर्धी भीती तिथंच उतरते.

बापाच्या दारूने मूल भेदरलेलं असेल, तर मुलावरच्या उपचारांनी एकट्याने काही होत नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी नंबर आहे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं.

पहिल्या खेपेनंतर

खरी गळती इथं होते. जरा बरं वाटलं की गोळ्या बंद, किंवा आजी म्हणते "आता कशाला?" औषध मनाने थांबवू नये, हे आजीलाही समोर बसवून सांगा. गल्लीत, शाळेच्या ग्रुपवर त्या मुलाची चर्चा होऊ देऊ नका. पुढची तारीख केस पेपरवर लिहिलेली असते. तिचा फोटो काढून ठेवा आणि आदल्या संध्याकाळी जाऊन विचारा, उद्या किती वाजता निघायचं.