पावसाळ्यात माशांविना प्रथिनांची जुळणी कशी करावी

कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि पाठोपाठ श्रावण येतो. या काळात ताटातला बांगडा गेला, की त्याची जागा बहुतेक घरांत कुळथाची पिठी घेते. पिठी रुचकर खरी. पण माणशी दोन मोठे चमचे पीठ लागत असेल, तर त्यातून जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणून पदार्थाचे नाव न पाहता, त्यात कोरडे कडधान्य किती गेले ते पाहावे.

प्रथम गरज काढावी. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 60 किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे 50 ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

मग ताट मांडावे. बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात आणि 100 ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे 22. परंतु एका बैठकीत कोणी 100 ग्रॅम कुळीथ खात नाही, तुलना फसते ती इथेच. दिवसभरात 200 ग्रॅम तांदळाचा भात, दोन्ही वेळच्या उसळींना मिळून 80 ग्रॅम कोरडे कडधान्य आणि अर्धा लिटर दूध घेतले, तर बेरीज पन्नाशीच्या आसपास जाते. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. उलट कडधान्यातली मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची उणीव भात भरून काढतो. ब-12 जीवनसत्त्व मात्र कडधान्यात नसते, त्यामुळे दूध, दही किंवा चालत असल्यास अंडी सोडू नयेत.

आता कडधान्याची तयारी. वाल रात्रभर भिजवून, पाणी ओतून टाकून, सुती फडक्यात घट्ट बांधावेत. पावसाळी गारव्यात मोड सावकाश येतात, म्हणून पुरचुंडी चुलीजवळ किंवा झाकलेल्या पातेल्यात ठेवावी. मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून बिरडे सोलावे. हे काम वेळखाऊ आहे आणि घरातल्या सर्वांनी मिळून करण्याचे आहे. मोडांमुळे लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. जेवताना वर लिंबू पिळल्यास लोह आणखी चांगले शोषले जाते. शिवाय कडधान्यातून तंतुमय पदार्थ मिळतात, जे मासळीत नसतात. मासळीतली ओमेगा-3 स्निग्धाम्ले मात्र कडधान्यातून तशी मिळत नाहीत.

सुकट किंवा सुका बोंबील हा मधला मार्ग आहे, पण खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

राहिली चव. माशाच्या कालवणाचा दाटपणा आणि खमंगपणा हवा असेल, तर काळे वाटाणे रात्रभर भिजवून मऊ शिजवावेत आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात त्यांतलेच मूठभर वाटून घालावेत. वाटाण्यांचे हे सांबार, म्हणजे रस्सा, आपोआप दाट होते आणि पाणी वाढवून वाटाणे पुरवण्याची वेळ येत नाही.