नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर उभं राहणार आहात? या चुका टाळा

दसऱ्याला पहिल्यांदा स्टॉलवर येणाऱ्या पोरापोरींना वाटते की पुस्तक द्यायचं, पैसे घ्यायचे, झालं. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्याच दिवशी, बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली आणि दिली तिथं लोक वर्षातून एकदा येतात, कोणी गोंदियाहून, कोणी छत्तीसगडातून, कोणी तेलंगणातून, आणि जाताना पिशवीत पुस्तक नेतात. चुकीचं गेलं तर बदलायला थेट पुढचा दसरा.

म्हणून सगळ्यात मोठी चूक भाषेची. लोक फक्त "बुद्ध आणि धम्म द्या" म्हणतात. म्हणजे बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, इंग्रजीत आला, आता मराठी हिंदी दोन्ही अनुवाद टेबलावर असतात आणि दोन्हींची लिपी देवनागरी, गर्दीत कव्हर बघून कळतच नाही. मी एका काकांना असंच मराठी पुस्तक दिलं, ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. गाडीला थोडाच वेळ होता तरी अजनी स्टेशनवरून चालत परत आले, पुस्तक छातीशी धरून, म्हणाले "बेटा, ये तो मराठी में है". रागावले नाहीत, पण त्यांच्या पायावरची धूळ मला अजून दिसते. तेव्हापासून आम्ही मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन वेगळे टेबल लावतो आणि पैसे घ्यायच्या आधी पहिलं पान उघडून समोर धरतो.

वाचता न येणारी आजी असेल तर घाई करू नका. "माय, कोणासाठी नेताय, कितवीत आहे नात?" एवढं विचारा. सहावीतल्या पोरीला जाडा खंड दिला तर तो घरी फोटोपुढेच राहणार, तिला मोठ्या अक्षरातलं छोटं चरित्र द्या.

पैशाचं म्हणाल तर गर्दीत नेटवर्क बसते, युपीआय फिरत राहते आणि लाईन अडते. क्यूआर कोड लावा पण दहा-वीसच्या नोटा आदल्या दिवशीच जमवून ठेवा. सूट किती द्यायची हे सकाळीच सगळ्यांनी मिळून ठरवा, नाहीतर एक दादा दहा टक्के देतो, बाजूची ताई काहीच नाही, आणि भांडण होते.

माल दिवसा आणू म्हणणं पण चुकतेच, कारण आजूबाजूचे रस्ते बंद असतात, गाडी आतच येत नाही, गठ्ठे आदल्या रात्रीच उतरवा. आणि ते जमिनीवर ठेवू नका! पाऊस तोवर पूर्ण गेलेला नसतो, एक सर आली की खालचा थर फुगतो, म्हणून खाली विटा, त्यावर फळी, वर ताडपत्री. सुतळी थेट पुस्तकावर आवळली तर कडा कापल्या जातात, मध्ये पुठ्ठा घाला. मोठं खोकं तर भरूच नका, दोघांनाही उचलत नाही.

शेवटच्या संध्याकाळी लवकर आवरायला घेऊ नका. दिवसभर ओझं कोण वागवणार, म्हणून बरेच लोक गाडी पकडायच्या आधी, सगळ्यात शेवटीच पुस्तक घेतात. हिशोब मागे बसून करा, पण एक टेबल आणि एक बल्ब चालू राहू द्या.