पऱ्हाटी, मोहरी आणि रुई घेऊन मेंदूतील आधारपेशी कशा शिकवाव्यात

दोन चेतापेशी जेथे संदेश देतात-घेतात, त्या सिनॅप्समध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते आणि फटीच्या कडेला बहुधा तिसरी एक पेशी, म्हणजे आधारपेशी, बसलेली असते. फळ्यावरच्या आकृतीतून ही तिसरी पेशी मुलांच्या ध्यानात राहत नाही. वऱ्हाडातल्या शाळेला लागणारे साहित्य मात्र हिवाळ्यात वावरात आणि घरातच मिळते: पऱ्हाटीच्या चार काड्या, मूठभर रुई (सरकी काढलेला कापूस), मोहरी, गूळ आणि हळद.

काड्यांच्या दोन जोड्या शेजारी-शेजारी, टोकासमोर टोक करून, मध्ये बोटभर जागा सोडून ठेवाव्यात. एका जोडीच्या फटीत मोहरी ढकलावी. ही मोहरी म्हणजे ग्लुटामेट, चेतापेशींमधला निरोप नेणारे रसायन. दाणे घरंगळत शेजारच्या जोडीपर्यंत जातात, म्हणजे एकीचा निरोप दुसरीच्या कानी पडतो. आता गुळाच्या पाण्यात भिजवून पिळलेली रुई फटीभोवती लावून पुन्हा मोहरी ढकलावी. (पंखा आधी बंद करावा, माझी रुई पहिल्या वेळी वर्गभर उडाली होती.) ही रुई म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट, फटीच्या कडेची ती आधारपेशी. तिला चिकटलेले दाणे मुलांनी वेचून हळदीत घोळवावेत व पहिल्या काडीकडे परत ठेवावेत, कारण अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामेटचे ग्लुटामिन (म्हणजे हळद लागलेले दाणे) करून ते चेतापेशीला परत देतात.

जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिरखो यांनी एकोणिसाव्या शतकात या आधारपेशींना न्यूरोग्लिया, म्हणजे चेतांचा डिंक, म्हटले आणि त्या नावाने बराच काळ दिशाभूल केली, असे माझे मत आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या दृष्टिपटलातील चेतापेशी अ‍ॅस्ट्रोसाइटसह वाढवल्या, तेव्हा त्यांच्यात सुमारे सातपट सिनॅप्स तयार झाले. डिंक एवढे करत नाही. हे सांगताना कपाशीत नांग्या भरण्याची, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी लावण्याची, आठवण द्यावी.

विरळणीचे उदाहरण मायक्रोग्लिया या दुसऱ्या प्रकारच्या आधारपेशींसाठी योजावे: वाढत्या मेंदूत कमी वापरातील सिनॅप्स रोगप्रतिकार यंत्रणेतील पूरक प्रथिनांनी खुणावले जातात व या पेशी ते गिळतात. मात्र विरळणीत अख्खे रोप उपटले जाते, येथे चेतापेशी शाबूत राहून केवळ जोडणी जाते, आणि मुले नेमकी येथेच चुकतात. म्हणून काडी मोडू नये. तिच्यावरचा बोंडाचा वाळका देठ तेवढा खुडून दाखवावा.