अनुस्वार सांभाळा: जुनी मराठी पानं टेसरॅक्टला देण्याआधीची तयारी

टेसरॅक्ट म्हणजे पानाच्या फोटोतली छापील अक्षरं ओळखून त्यांचा टाइप केलेला मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर. या कामाला ओसीआर म्हणतात. त्यासाठी कपाटाचं कुलूप काढण्याआधी एक गोष्ट ठरवा. ते जुनं पुस्तक किंवा स्मरणिका तुम्हाला नुसती शोधता यायला हवी आहे, की नव्यानं छापायची आहे? ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा आहे. शोधण्यापुरतं काम असेल तर पानाचं चित्र तसंच ठेवून त्याच्यामागं न दिसणारा मजकूर बसवायचा. शंभरात चार शब्द चुकले तरी बाकीच्या शहाण्णवांवरून पान सापडतं आणि डोळ्यांसमोर मूळ छपाईच असते. छापायचं असेल तर मात्र प्रत्येक वेलांटीचा हिशेब द्यावा लागतो. एका पानावर समजा १,८०० अक्षरं आहेत आणि यंत्रानं अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर वाचलं, तरी छत्तीस चुका उरतात. दोनशे पानांच्या पुस्तकाचा गुणाकार तुमचा तुम्ही करा, आणि मग "सुट्टीत उरकून टाकू" म्हणा.

छापायचंच ठरलं तर हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं, आधी बघा. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क चालतो. लेखक जाऊन तेवढा काळ झाला नसेल तर वारसांच्या घरी जाऊन चहा पिऊन लेखी परवानगी आणा. तोंडी "घ्या की" वर काम सुरू करू नका.

मग गठ्ठे लावा. आमच्या मराठवाड्यात हे काम पुण्या-मुंबईपेक्षा जरा किचकट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद राज्यात होतो आणि दरबारी कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळं जुन्या वाचनालयाच्या किंवा वाड्याच्या एकाच पेटीत छापील मराठी, हातानं लिहिलेलं मोडी, उर्दू दस्त आणि टंकलेखनाच्या फिक्या कार्बन प्रती अशी सगळी खिचडी निघते. यातलं टेसरॅक्टच्या कामाचं फक्त छापील देवनागरी. मोडीसाठी त्यात भाषेची फाइलच नाही. उर्दूसाठी आहे, पण हातानं घाईघाईत जोडून लिहिलेल्या शिकस्ता वळणापुढं तिचं काही चालत नाही. हस्ताक्षरातली इतिवृत्तं, पोथ्या, बाडं वेगळी बांधून ठेवा, त्यांना जाणकार माणूसच लागतो. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी, म्हणजे त्यांनी कापडावर हातानं लिहिलेला ग्रंथ, बघून आलेला एक उत्साही मुलगा मला म्हणाला होता, "मामा, तिचाच फोटो काढून टाकू की कॉम्प्युटरला!" त्याला म्हटलं, बाबा, आधी वर्गणीची छापील पावती वाचून दाखव म्हणावं त्याला.

सॉफ्टवेअर बसवण्यावर फार वेळ घालवू नका. टेसरॅक्ट हे मूळचं ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात सुरू झालेलं काम, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि पुढं बरीच वर्षं गुगलनं त्याला पोसलं. आपल्यासाठी महत्त्वाचं वर्ष २०१८. त्या वर्षी आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते अक्षर सुटं करत बसत नाही, अख्खी ओळ एका दमात वाचतं. शिरोरेषेनं एकमेकांना चिकटलेल्या आपल्या अक्षरांना याचा मोठा फायदा झाला. म्हणून चौथी किंवा पाचवी आवृत्तीच घ्या. सोबत मराठीची फाइल घ्यायला विसरू नका, एम-ए-आर या तीन अक्षरांची. ती नसली की लोक हिंदीवर भागवतात आणि मग सगळे 'ळ' कुठं गेले म्हणून शोधत बसतात. पानावर इंग्रजी नसेल तर इंग्रजी जोडूच नका, उगीच मराठी आकड्यांच्या जागी भलतंच काही उमटतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती वाटत असेल तर जीइमेजरीडर नावाचा मुखवटा आहे. त्यात माऊसनं चौकट आखून हवा तेवढाच भाग वाचायला देता येतो. सगळं फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. गावातल्या देणगीदारांची नावं-पत्ते असलेली वही कुणा परक्या संकेतस्थळावर चढवावी लागत नाही, ही मला त्यातली सगळ्यात मोठी सोय वाटते.

खरी मेहनत फोटोची. सपाट स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, करड्या छटेत, बस्स. टीप बारीक टायपात असेल तर ४००. पण बांधणी कडक झालेलं पुस्तक स्कॅनरवर पालथं दाबलं की पाठीतून चर्र आवाज येतो, आणि तो आवाज आला की पुस्तक गेलं समजा. अशा वेळी मोबाइलच बरा. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच असतं. ३०० डीपीआयनं ते भरतं १,६५० बाय २,५५० ठिपके, म्हणजे जेमतेम सव्वाचार मेगापिक्सेल. हातातला कुठलाही बरा फोन याला पुरून उरतो. कमी पडतो तो उजेड आणि पडते ती हाताची सावली. टेसरॅक्ट वाचण्याआधी पान काळं-पांढरं करून घेतं आणि त्यासाठी साधारणपणे सगळ्या पानाला एकच मोजपट्टी लावतं. अर्धं पान उन्हात आणि अर्धं सावलीत असेल तर सावलीतला भाग सरळ काळा होतो. पाचव्या आवृत्तीत यावर उपाय आहे, पण सावलीच पडू न देणं सोपं. मे महिन्यात आमच्याकडं दुपारचं ऊन असं असतं की खिडकीजवळ पान पांढरंफटक आणि दोन हात आत अंधार. म्हणून सकाळी सात ते नऊ, ओसरीवर, थेट ऊन न येणारी जागा धरा. आकाशाचा उजेड सगळीकडून सारखा येतो. फोन हातात धरू नका. दोन स्टुलांवर आडवी फळी टाका, फळीला भोक पाडा, त्यावर फोन पालथा ठेवा. सुतार अर्ध्या तासात करून देतो. कागद पातळ असेल आणि मागची छपाई पुढं दिसत असेल तर प्रत्येक पानामागं काळा कार्डशीट सरकवा. हा एक कागद दहा सेटिंगांचं काम करतो. पान फुगत असेल तर फोटोफ्रेमवाल्याकडून काच आणा, कडा घासून घ्या आणि हलकेच वर ठेवा. ओळ कमानीसारखी वाकली की यंत्राचं डोकं फिरतं, कारण ते ओळ धरूनच वाचत असतं.

दोन माणसं लागतात. एक पान उलटणारा, एक फोटो काढणारा. तिसरा आला तर त्याला चहाला पाठवा. उलटणाऱ्यानं प्रत्येक वेळी पानाचा छापील क्रमांक मोठ्यानं म्हणायचा. आम्ही पहिल्या खेपेला हे केलं नाही, आणि वाळवीच्या मातीनं चिकटलेली ८६-८७ ही दोन पानं तशीच राहिली. कळलं दोन महिन्यांनी, पुस्तक मालकाकडं परत गेल्यावर. फाइलींची नावंही लगेच द्या, ००१, ००२ अशी तीन आकडी. नाहीतर १ नंतर १० आणि मग १००, अशी वरात निघते. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो पिळून निघतो, आणि पिळताना सगळ्यात आधी बारीक मात्रा जातात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते. स्कॅनटेलर हे सुद्धा खुलं सॉफ्टवेअर आहे, जोडपानं तोडून देतं, तिरकी पानं सरळ करतं, समास कापतं. जरूर वापरा. पण त्यात डाग पुसण्याची एक सोय असते, ती बंद ठेवा. मोबाइलच्या स्कॅन ॲपमध्ये 'सुधारित' किंवा तसल्या कुठल्या नावाचा फिल्टर असतो, तोही बंद. ज्यानं हे बनवलं त्याच्या दृष्टीनं पानावरचा एकटादुकटा ठिपका म्हणजे धूळ. आपल्या दृष्टीनं तो अनुस्वार. एका शाळेच्या जुन्या स्मरणिकेवर मी ही सोय चालू ठेवून शंभरेक पानं उरकली. पानं इतकी स्वच्छ दिसत होती की मी स्वतःवरच खूश. मजकूर वाचायला घेतला तर मुळात होतं, "गुरुजींनी मुलांना घेऊन प्रभातफेरी काढली. त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नसे." पुढ्यात आलं, "गुरुजीनी मुलाना घेऊन प्रभातफेरी काढली. त्याचा शब्द गावात कुणी मोडत नसे." 'गुरुजीनी' खाली लाल रेघ आली, म्हणून सापडलं. 'त्याचा' खाली रेघ कशाला येईल, शब्द बरोबरच आहे! ज्या माणसाला अख्खा तालुका अहो-जाहो करायचा त्याला आम्ही शंभर पानं अरे-तुरे करून ठेवलं होतं. त्यांचे नातू वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत, हे वर सांगायला नको. पानं पुन्हा पहिल्यापासून केली. धुळीचे डाग राहू द्या, पिवळेपणा राहू द्या.

सगळं पुस्तक एकदम लावू नका. आधी तीन पानं निवडा: एक साधं, एक कवितेचं किंवा दोन रकान्यांचं, एक सगळ्यात खराब. पानाची मांडणी ओळखण्याचे वेगवेगळे प्रकार असतात, पीएसएम म्हणतात त्याला. आपोआप ओळखणारा क्रमांक ३, पूर्ण पान एकसंध मजकूर धरणारा क्रमांक ६. साध्या गद्याला बहुतेक वेळा हे दोनच पुरतात, दोन्ही करून बघा, कमी घाण कशात आहे ते डोळ्यांनी ठरवा. पानाच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा येणारं प्रकरणाचं नाव चौकटीबाहेर ठेवा, नाहीतर दर पानाला वाक्याच्या मधोमध ते उगवतं. देणगीदारांचे तक्ते, जाहिराती, निकालपत्रकं यंत्राला देऊच नका, हातानं टाइप करणं लवकर होतं. आणि हल्लीच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या स्मरणिकांची पीडीएफ हाताशी असली तरी तिच्यातून मजकूर कॉपी करून बघा. जुन्या डीटीपी फाँटात केलेली असेल तर चिटकवल्यावर अगम्य चिन्हं येतात. तिथंही ओसीआरच करावं लागतं. पीडीएफमधल्या चित्रामागं टेसरॅक्टनं वाचलेला मजकूर बसवणारं ओसीआरमायपीडीएफ नावाचं सॉफ्टवेअर अशा फाइलला "यात आधीच मजकूर आहे" म्हणून हात लावत नाही. त्याला जबरदस्तीनं वाचायला सांगण्याचा पर्याय आहे, तो वापरा.

तपासणीला बसताना जुन्या प्रेसमधली पद्धतच चांगली. एकानं मूळ पान मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर ताडायचं. एकट्यानं केलं की डोळा चूक दुरुस्त करूनच वाचतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांवर नजर ठेवा. 'मान' चा 'भान' झाला तर लाल रेघ येणार नाही. 'ख' फुटून 'रव' झालेला दिसेल. ओळीच्या शेवटी आडवी रेघ देऊन तोडलेले शब्द जोडा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो, दिसायला सारखा, आतून वेगळा. एक शोधला की दुसरा सापडत नाही, म्हणून एकदाच सगळीकडं बदलून एकसारखा करून घ्या. पण "सगळीकडं बदला" हे बटण पूर्ण शब्दांपुरतंच वापरा, अक्षरांसाठी कधीच नाही.

आणि एक उलटी चूक टाळा. पुस्तक १९६२ च्या आधीचं असेल तर त्यात 'नाहीं', 'घरांत', 'करावें', 'कां' असं भरभरून येणार. ते यंत्रानं घातलेलं नाही, तेव्हाचं शुद्धलेखनच तसं होतं. नव्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तुमच्या चमूत एखादे निवृत्त मराठीचे सर असतील तर त्यांना आधीच हात जोडून सांगा, की लाल पेन घरी ठेवून या. शोधायला सोपं जावं म्हणून आजच्या लेखनातली एक वेगळी प्रत करा हवी तर, मूळ प्रत मूळच राहू द्या.

सोबत गावांच्या नावांचा एक कागद करून ठेवा. अंबाजोगाई शोधणाऱ्याला निजामकाळातल्या पानावर मोमिनाबाद मिळेल, आणि धाराशिव शोधणाऱ्याला उस्मानाबाद. व्यक्तींची नावंही एकेका पुस्तकात तीन तऱ्हांनी छापलेली असतात. हा कागद पीडीएफच्या पहिल्या पानावरच लावला की शोधणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो.

पिशवीत घालायच्या वस्तू: एक्स्टेन्शन बोर्ड, मऊ ब्रश, सुती कापड, काळा कार्डशीट, काच जुन्या टॉवेलात गुंडाळून, फोनचा चार्जर आणि भरलेली पॉवर बँक. लाईट जाणार हे धरूनच चला, लॅपटॉप आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा. दोनशे पानांचे न पिळलेले करडे फोटो पाऊण ते एक जीबी जागा खातात, तेवढी मोकळी करा. काम संपलं की मूळ फोटोंची एक प्रत वाचनालयाच्या कपाटात, दुसरी कुणाच्या तरी घरी. पुस्तक परत देताना मालकासमोर पानं मोजून द्या, आणि ८६-८७ आहेत का ते त्यांच्यादेखत उघडून बघा.