या चुका टाळा: अ‍ॅडासवाली नवी गाडी आणि मराठवाड्याचे रस्ते

नवी गाडी घेतली की पहिली फेरी देवाला. कुणी तुळजापूरला जातं, कुणी अंबाजोगाईला योगेश्वरीला, कुणी औंढ्याला नागनाथाला. पुढच्या जाळीवर झेंडूचा हार, त्याखाली लिंबू-मिरची, काचेवर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'आई तुळजाभवानी प्रसन्न'. ही श्रद्धा आहे आणि ती असावीच. पण हल्लीच्या गाडीत अ‍ॅडास असतं, म्हणजे रडार आणि कॅमेऱ्याने रस्ता बघून चालवणाऱ्याला इशारा देणारी, गरज पडली तर ब्रेक-स्टेअरिंगला मदत करणारी यंत्रणा. त्यासाठी त्याच जाळीत किंवा कंपनीच्या लोगोमागे रडार बसवलेलं असतं आणि आतल्या आरशाच्या मागे काचेला कॅमेरा चिकटवलेला असतो. हार आणि स्टिकर नेमके त्यांच्या तोंडावर येतात. मग परतीच्या वाटेवर डिस्प्लेवर पिवळं चिन्ह पेटतं, रडार झाकलं गेल्याचा मेसेज येतो आणि लोक शोरूमला फोन लावतात की नवी गाडी बिघडली.

बिघडलेलं काहीच नसतं. हार काढायचा, रडारवरचं कव्हर पुसायचं, गाडी बंद करून पुन्हा चालू करायची. बहुतेक वेळा मेसेज तेवढ्यानेच जातो. पूजेचा हार पूजेपुरता ठेवा. लिंबू-मिरची बांधायचीच तर बंपरच्या एका कडेला, रडार आणि पार्किंग सेन्सर सोडून बांधा. देवाचं नाव मागच्या काचेवर छान दिसतं. फास्टॅगचंही तेच. तो काचेच्या मधोमध वर लावायची पद्धत आहे आणि कॅमेराही तिथेच असतो, म्हणून लावताना कॅमेऱ्यासमोरची जागा मोकळी सोडायला सांगा. डॅशकॅम बसवणाऱ्यालाही हेच बजावा.

धूळ, चिखल आणि बोअरचं पाणी

पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून टाकतात आणि पुढच्या ट्रकच्या चाकांनी तो आपल्या तोंडावर उडतो. काचेवरचा चिखल वायपर पुसतो, रडारला मात्र वायपर नसतो. मागचा कॅमेरा आणि आरशाखालचे कॅमेरेही तसेच माखतात. दाराच्या कप्प्यात एक मऊ मायक्रोफायबर कापड ठेवा आणि चहाला थांबलात की हात फिरवा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, वाळलं की क्षारांचे पांढरे डाग पडतात. म्हणून गाडी धुतल्यावर काच, कॅमेरे आणि सेन्सर लगेच कोरडे करा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप सेन्सरच्या अगदी जवळ धरू देऊ नका.

पुढे लोखंडी गार्ड बसवायचा हट्टही सोडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र लिहून असे गार्ड बसवणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. त्याने एअरबॅग उघडण्याचं गणित चुकू शकतं, आणि रडारसमोर लोखंडी आडवी पट्टी आली तर ते रडार असून नसल्यासारखं.

काच बदलली, पण कॅलिब्रेशन राहिलं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

माझ्या मामेभावाची गाडी लातूर-नांदेड रस्त्यावर खडीच्या हायवा टिपरच्या मागे होती. खडा उडाला, पुढची काच तडकली. त्याने एका दुकानातून काच बदलून घेतली, काम सफाईदार झालं. पण दुसऱ्या दिवसापासून गाडी लेनच्या मधोमध असली तरी लेन सोडल्याचा बीप वाजायचा आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकलाही 'ब्रेक लावा'चा लाल इशारा यायचा. दुकानदार म्हणाला, "सेटिंगमधून बंद करून टाका ना, कामून डोकं लावता?" दुखणं सेटिंगमध्ये नव्हतंच. काच बदलताना कॅमेरा काढून परत लावला जातो, आणि तो केसभर जरी तिरपा बसला तरी लांबचं सगळं सरकतं. हिशोब करून बघा: एका अंशाचा फरक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होतो. महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे कॅमेरा चक्क अर्धी लेन चुकतो.

त्यामुळे काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा नेमकी जुळवणं, करून घ्यावंच लागतं. काही गाड्यांत सपाट जागेवर गाडी उभी करून समोर ठरावीक अंतरावर छापील बोर्ड लावतात आणि मशीन जोडून कॅमेऱ्याला दिशा देतात. काहींत मशीन जोडून स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी ठरावीक वेगाने चालवावी लागते. हे काम होतं की नाही, ते काच बदलण्याआधी विचारा. विम्याच्या क्लेममध्ये कॅलिब्रेशनचा खर्च धरला आहे का, तेही आधीच लेखी घ्या. बंपर ठोकला गेला, सस्पेन्शनचं मोठं काम झालं, किंवा हौसेने मोठे टायर टाकून गाडी उंच केली, तरी हाच प्रश्न सर्व्हिस सेंटरला विचारायचा.

उसाची ट्रॉली गाडीला दिसेलच असं धरून चालणं

२०२१ मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही७०० आल्या आणि अ‍ॅडास आपल्या बजेटच्या गाड्यांत उतरलं. आता ते कॉम्पॅक्ट एसयूव्हीतही मिळतं. पण आपल्याकडे विकलं जातं ते फार तर लेव्हल २, म्हणजे गाडी मदत करते, चालवणारे तुम्हीच. कंपन्या हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहितात. डेमो देताना मात्र सेल्समन हात सोडून दाखवतो आणि डोक्यात तेच बसतं.

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की लातूर, धाराशिव, बीड, परभणीच्या रस्त्यांवर रात्रंदिवस ऊस वाहतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. टायर फुटला तर ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे चार दगड लावलेले. कॅमेऱ्याला शिकवलेलं असतं ते कार, ट्रक, दुचाकी, माणूस ओळखायला. उसाच्या मोळ्यांचा अंधारातला ढीग त्याला यातलं काहीच वाटत नाही, असं होऊ शकतं. रडारला धातू दिसतो, पण पाट्या, पूल, दुभाजक असं सगळंच स्थिर लोखंड त्याला दिसत असतं. प्रत्येकाला ब्रेक मारत बसू नये म्हणून जास्त वेगात बऱ्याच सिस्टिम स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करतात. म्हणजे चालती ट्रॉली एक वेळ पकडली जाईल, उभी ट्रॉली निसटू शकते. बैलगाडी, म्हशी, रस्त्यावर बसलेली जनावरं यांचंही तसंच.

ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. लो बीममध्ये नीट दिसतं ते पन्नास-साठ मीटर. हाताशी दोन सेकंद उरतात. गळीत हंगामात रात्री दुपदरी रस्त्यावर पुढच्या गाडीशी अंतर राखत आपोआप वेग सांभाळणारं अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ लावूच नका, असं माझं ठाम मत आहे.

ऑटो हाय बीमबद्दलही सावध राहा. समोरच्या गाडीचे दिवे बघून तो खाली येतो, पण पायी चालणाऱ्याकडे दिवा नसतो. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्यांवर रात्रभर भाविक चालत असतात, आषाढीआधी पैठणहून नाथांची पालखी निघते. अशा दिवसांत बीम हाताने खाली घ्या आणि वेग उतरवा. लोकांच्या डोळ्यांवर झोत मारत जाऊ नका.

स्टेअरिंगशी झटापट

समोरून ट्रक आला, तुम्ही त्याला वाट द्यायला गाडी साइडपट्टीवर घेताय आणि स्टेअरिंग हाताला उलटं ओढतंय. नव्या मालकाच्या पोटात इथे गोळा येतो. ती लेन किप असिस्ट असते. पांढरा पट्टा ओलांडताना इंडिकेटर नसेल तर तिला वाटतं तुम्हाला डुलकी लागली. इंडिकेटर द्या, ती सोडून देते. नाहीतर थोडा जोर लावा, स्टेअरिंग तुमचंच ऐकतं. काम चालू असलेल्या रस्त्यावर जुने-नवे दोन्ही पट्टे दिसतात आणि ती गोंधळते. तिथे आणि कन्नडच्या घाटासारख्या वळणांवर तेवढं एक फीचर बंद ठेवा. बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगवरचं बटण दाबून धरलं की ते बंद होतं. पुढच्या वेळी गाडी चालू केली की ते परत चालू झालेलं असू शकतं, तो बिघाड नव्हे.

वैतागून सगळंच अ‍ॅडास बंद करणारे मात्र मोठं नुकसान करून घेतात. ऑटोमॅटिक ब्रेक आणि ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या बाजूचा) इशारा कधीच बंद करू नका. संभाजीनगरात गुलमंडीच्या गर्दीत किंवा नांदेडच्या वजिराबादेत सारखा बीप वाजत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन इशाऱ्याची वेळ 'उशिरा' करा. बीप कमी होतात, संरक्षण राहतं.

समृद्धीवर गोष्ट वेगळी आहे. पट्टे स्पष्ट, गाडी एका दिशेने, कारला वेगमर्यादा १२०. जालन्याहून नागपूर किंवा शिर्डीकडे जाताना क्रूझ खरंच पाय वाचवतं. पण अंतर सर्वांत जास्तीवर ठेवा, कारण १२०ला सेकंदाला ३३ मीटर जातात आणि कडेला उभा असलेला ट्रक अर्धवट लेनमध्ये असू शकतो. 'हात ठेवा'चा इशारा बंद पडावा म्हणून स्टेअरिंगला पाण्याची बाटली अडकवणारे लोक आहेत. मागे लेकरं बसलेली असताना असं करण्याला माझ्या मते कुठलीच सबब नाही.

तिथे निघण्याआधी टायरची हवा थंड टायरवरच तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. धावल्यावर प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा काढू नका. थंडीत सकाळी टायरचं चिन्ह पेटलं तर हवा भरून घ्या, आणि गाडीला सोय असेल तर मेनूतून रीसेट करा.

स्क्रीनची दुखणी

अँड्रॉइड ऑटो केबलने लागत नसेल तर आधी केबल बदला. स्वस्तातल्या बऱ्याच केबली फक्त चार्ज करतात, डेटा नेत नाहीत. वायरलेस लागत नसेल तर फोनचं वायफाय चालू आहे का बघा, कारण ओळख ब्लूटूथने होते पण पुढचं सगळं वायफायवर चालतं. बॅटरी सेव्हर बंद करा. तरीही नाही, तर गाडीतून फोन आणि फोनमधून गाडी, दोन्हीकडून नाव काढून नव्याने जोडा. पेनड्राइव्हवरची गाणी वाजत नसतील तर तो फॅट३२मध्ये फॉरमॅट करून बघा, आधी गाणी दुसरीकडे काढून ठेवा.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३च्या वर जातो. अशा उन्हात फोन वायरलेस चार्जरवर ठेवून वरून वायरलेस मॅप चालवला तर तो तापून चार्जिंग थांबवतो. जाड कव्हर काढा, केबल लावा. स्क्रीन गोठली तर बॅटरीची वायर काढायला लावू नका. बहुतेक गाड्यांत पॉवर किंवा आवाजाचं बटण काही सेकंद दाबून धरलं की सिस्टिम रीस्टार्ट होते, नेमकं बटण मॅन्युअलमध्ये असतं. अपडेट प्रवासाच्या आदल्या रात्री लावू नका.

मॅपवर डोळे झाकून जाणं ही आपल्याकडची खास चूक. बालाघाटाच्या डोंगरात रेंज जाते, म्हणून घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. आणि 'दहा मिनिटं वाचतील' म्हणून दाखवलेली वाट पाणंद रस्ता असू शकते. उन्हाळ्यात ती चालून जाते. एक पाऊस पडला की काळ्या रानात गाडी बंपरपर्यंत रुतते आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पावसाळ्यात थोडं लांब पडलं तरी डांबरीच धरा. गावाचं नाव गाडी उभी असतानाच टाका, आणि तालुका बघून घ्या, कारण एकाच नावाची गावं जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत.

गाडी विकताना फॅक्टरी रीसेट करायला विसरू नका. तुमचे सगळे कॉन्टॅक्ट, घराचा पत्ता आणि जुने प्रवास त्या स्क्रीनमध्ये असतात. कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपमधूनही गाडी काढून टाका. जुनी गाडी विकत घेत असाल तर आधीच्या मालकाकडून हे दोन्ही समोर करून घ्या, नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे ते त्याच्या फोनवर दिसत राहू शकतं.