गोधडीवरची जास्वंद आणि पसरणारा रंग

गोधडीच्या मधल्या चौकोनासाठी पांढऱ्या सुती कापडावर मी पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेन्सिलींनी जास्वंद रंगवली आणि ओला ब्रश फिरवताच लाल रंग धाग्याधाग्याने रेषेबाहेर, थेट पानापर्यंत पसरला. दुसऱ्या तुकड्याची खळ आधी धुऊन काढली आणि ब्रश पाण्याऐवजी कोरफडीच्या रंगहीन जेलमध्ये बुडवला (घरच्या पानाचा चीक कापड पिवळे करतो), तेव्हा रंग जागेवरच राहिला. ही शाई पूर्ण भिजून वाळली तरच पक्की होते, हे मात्र धुतल्यावर कळले, कारण परागांचे कोरडे राहिलेले पिवळे ठिपके पहिल्याच पाण्यात निघून गेले. ते पुन्हा काढून नीट भिजवले, रात्रभर वाळवले आणि उलट बाजूने कोरडी इस्त्री फिरवली. आता ती गोधडी मी गार पाण्यात, हातानेच धुते.